कॅसेट भरून घेण्याचे दिवस

स्मरणिका समितीच्या व्हॉट्सॲप गटावर मला दोन कामे सांगण्यात आली. पहिले, "तू ओरिजिनल सीडी जमवतेस ना, त्यावर काहीतरी लिही." दुसरे, "दहावीच्या निरोप समारंभाची कॅसेट तुझ्याकडे आहे असं कळलं. ती पेन ड्राइव्हवर घे, शंभर प्रती काढू आणि स्मरणिकेबरोबर वाटू." पहिले काम मी लगेच पत्करले. दुसऱ्याला बरेच दिवस होकार दिला नाही. तो का दिला नाही हे सांगण्यासाठीच पहिले काम जरा लांबवते आहे. आपले इतिहासाचे सर "कारणे आधी, परिणाम नंतर" असे फळ्यावर लिहीत, तोच क्रम धरते.

कोपर रोडवर शास्त्रीनगरकडे वळण्याआधी एक चिंचोळे कॅसेटचे दुकान होते, ते बऱ्याच जणांना आठवत असेल. आत दोन डबल डेक, भिंतीवर छतापर्यंत कॅसेटची कव्हरे आणि काउंटरवर एक लांबट वही. त्या दुकानात एकच गाणे तीन प्रकारे मिळे. एक, कंपनीची ओरिजिनल कॅसेट. दोन, तशीच दिसणारी पण छपाई जरा फिकट असलेली, जिला दुकानदार स्वतःच "चालू" म्हणत. आणि तीन, आपण कोरी कॅसेट न्यायची, कागदावर गाण्यांची यादी द्यायची आणि चार दिवसांनी भरलेली कॅसेट घेऊन यायची. "कॅसेट भरून घेणे" हा शब्दप्रयोग आज माझ्या मुलीला कळत नाही. तिला वाटले, कॅसेटमध्ये काहीतरी ओततात.

आमच्या घरात यावर कडक नियम होता. बाबा महिन्याला एकच कॅसेट घेत, पगाराच्या शनिवारी, आणि ती ओरिजिनलच. घरी आल्यावर आधी आतला घडीचा कागद वाचायचा: गीत कोणाचे, संगीत कोणाचे, तबल्यावर कोण. मग कॅसेटच्या मागच्या कडेच्या दोन खाचा बघायच्या. तिथले प्लॅस्टिकचे कान कंपनीत तोडलेले असतात, म्हणजे तिच्यावर चुकूनही दुसरे काही भरले जात नाही. मला मात्र तेव्हा या सगळ्याचे काही नव्हते. वर्गातल्या निम्म्या मुलींकडे भरलेल्या कॅसेट होत्या आणि त्यांत गाणी आमच्यापेक्षा किती तरी जास्त होती.

ओरिजिनल आणि डुप्लिकेट हे शब्द आपल्याला फार लहानपणी कळले, कारण आपण उल्हासनगरच्या शेजारी वाढलो. "मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन" हा विनोद डब्याच्या सुट्टीत हजारदा ऐकला असेल. ते गाव म्हणजे फाळणीनंतरची कल्याण कॅम्पची निर्वासित छावणी. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी तिला उल्हासनगर हे नाव दिले. सगळे मागे टाकून आलेल्या माणसांनी लष्करी बराकींत यंत्रे लावून धंदे उभे केले, त्यांच्यावरचा आपला विनोद जरा स्वस्तातलाच होता, असे आता वाटते. शिवाय तिथला माल वापरत सगळेच होते, आपल्या दप्तरांपासून बाबांच्या टेबलफॅनपर्यंत.

आता जरा मागे जाऊ. भारतात गाणे पहिल्यांदा तबकडीवर उतरले त्याला सव्वाशे वर्षे होत आली. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आले आणि गौहरजान यांचे गाणे त्यांनी मुद्रित केले. सुरुवातीला तबकड्या दाबून घ्यायला जर्मनीतल्या हॅनोव्हरला पाठवत, मग १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला. त्या जमान्यात घरी बसून तबकडीची नक्कल करणे शक्यच नव्हते. त्यासाठी धातूचा साचा आणि वाफेवर चालणारी दाबयंत्रे लागत. त्यामुळे पुढची जवळजवळ सत्तर वर्षे एचएमव्हीचा कुत्रा ज्या गाण्यापुढे बसला तेच गाणे घराघरांत पोहोचले. मराठी भावगीताचे भाग्य असे की त्या कंपनीत गजानन वाटव्यांच्या बरोबरीचे गायक जी. एन. जोशी अधिकारी म्हणून अनेक वर्षे होते. तरी कोणाची तबकडी निघायची आणि कोणाची नाही, हे ठरवणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजता येत.

आपण ज्याला ओरिजिनल म्हणतो ते खरोखर काय असते, हा प्रश्नही तेव्हापासूनच आहे. गीतरामायणाचे उदाहरण घ्या. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर ते सुरू झाले. गदिमांची ५६ गीते, सुधीर फडक्यांचे संगीत. रेडिओवर ती वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायली होती, सीतेची गीते माणिक वर्मांनी. आपल्या घरातल्या एचएमव्हीच्या संचात मात्र सगळी गीते एकट्या बाबूजींच्या आवाजात आहेत. बाबा त्या संचाला "अस्सल गीतरामायण" म्हणत आणि आजी म्हणे, "अस्सल ते रेडिओवरचं, हे नंतरचं." दोघांचेही बरोबर होते. आजीचे अस्सल गीतरामायण बाजारात मिळत नव्हते, एवढाच फरक.

नक्कल घरात शिरली ती कॅसेटमधून. फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात तिची कॅसेट मांडली. चार मिलिमीटरपेक्षाही अरुंद फीत, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या वेगाने सरकणारी. मुळात ती कार्यालयात तोंडी मजकूर टिपण्यासाठी होती, संगीतासाठी नव्हे. आपल्याकडे ती सत्तरच्या दशकाअखेरीस पोहोचली, बरीचशी आखातातून परतणाऱ्यांच्या सामानातून. आमच्या चाळीत पहिला टू-इन-वन मस्कतहून आला, आणि तो बघायला आम्ही रांग लावली होती. या यंत्रात एक लाल बटण होते. ऐकणाऱ्याला मुद्रणही करता येऊ लागले, ते या बटणामुळे.

कंपनीची तयारी त्या मानाने काहीच नव्हती. मागणी प्रचंड, कारखान्याची क्षमता थोडी, किंमत जास्त, आणि लहान गावांत माल पोहोचतच नसे. ती पोकळी "चालू" कॅसेटवाल्यांनी भरली. १९५७ चा कॉपीराइट कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे हे लाल बटण नव्हतेच. म्हणून १९८४ साली त्यात दुरुस्ती झाली. किमान सहा महिने ते तीन वर्षे कैद, ५० हजार ते दोन लाख रुपये दंड, पोलिसांना वॉरंटशिवाय माल जप्त करण्याचा अधिकार, आणि प्रत्येक कॅसेटवर निर्मात्याचे नाव, पत्ता आणि वर्ष छापण्याची सक्ती. बाबा जो घडीचा कागद भक्तिभावाने वाचत, त्यातला तळाचा बारीक मजकूर या कायद्याने आणलेला होता.

दिल्लीच्या दर्यागंजमध्ये फळांच्या रसाच्या दुकानात वाढलेल्या गुलशनकुमारांची गोष्ट याच काळातली. १९८३ साली त्यांनी सुपर कॅसेट्स इंडस्ट्रीज काढली, आपण जिला टी-सिरीज म्हणून ओळखतो. कॉपीराइट कायद्यात एक कलम होते: मूळ ध्वनिमुद्रण निघून दोन वर्षे झाली, की रीतसर नोटीस देऊन आणि ठरलेले मानधन भरून तेच गाणे दुसऱ्या आवाजात नव्याने मुद्रित करता येई. त्या कलमाच्या आधारे रफी, मुकेश आणि लताबाईंची गाणी अनुराधा पौडवाल, सोनू निगम अशा नव्या आवाजांत निम्म्याहून कमी किमतीत आली. ही नक्कल होती की ओरिजिनल? कायद्याने ओरिजिनल. आमच्या बाबांच्या मते नक्कल. २०१२ च्या दुरुस्तीत ती दोन वर्षांची मुदत पाच वर्षांवर नेली गेली, तोवर मूळ गाणे कोणाचे हे विसरलेली एक पिढी तयार झाली होती. पुढे त्याच कंपनीच्या 'कयामत से कयामत तक' आणि 'आशिकी'च्या कॅसेटींनी बाजार व्यापला आणि मग तिच्याही कॅसेटींच्या "चालू" प्रती निघू लागल्या. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अंधेरीत देवळाबाहेर गुलशनकुमारांचा खून झाला, तेव्हा आपण नुकतेच बारावी होऊन प्रवेशांच्या धावपळीत होतो.

बाबांचे मत मी बरीच वर्षे जसेच्या तसे बाळगले. स्वस्त कॅसेट म्हणजे हलका माल. ते बदलले कोपरगावातल्या एका हळदीत. आपल्या वर्गातल्या आगरी मैत्रिणीच्या ताईचे लग्न होते. रात्रभर आगरी-कोळी गाणी वाजत होती आणि सगळ्या कॅसेट पंधरा-वीस रुपयांच्या, कधी नाव न ऐकलेल्या छोट्या कंपन्यांच्या. त्या मैत्रिणीची आजी मला म्हणाली, "बाय, आमची गानी रेडिओवर कवा लागत व्हती?" अमेरिकन संगीत-अभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी १९९३ साली 'कॅसेट कल्चर' या पुस्तकात नेमके हेच मांडले आहे. उत्तर भारताच्या अभ्यासावरून ते सांगतात की स्वस्त कॅसेटमुळे एका कंपनीची मक्तेदारी मोडली आणि प्रादेशिक, जातीजमातींच्या, देवधर्माच्या गाण्यांना पहिल्यांदा बाजार मिळाला. आपल्या बाजूला हे वेगळे सांगायला नको. कल्याणला राहिलेले प्रल्हाद शिंदे आणि त्यांची मुले यांची भीमगीते, भक्तिगीते आणि लोकगीते रिक्षा-टेम्पोपर्यंत पोहोचली ती कॅसेटवरूनच. त्यांतल्या किती ओरिजिनल होत्या आणि किती चालू, हे वाजवणाऱ्याने बघितले असेल असे वाटत नाही. त्यातून गायकाच्या हाती काय लागले, हा प्रश्न मात्र उरतोच.

अभियांत्रिकीला गेले आणि माझे सोवळे पार सुटले. कॉलेजात टर्बो सी शिकलो ते कोणीतरी फ्लॉपीवर आणून दिलेल्या नकलेवर. विकत घ्यायची असते असे कोणी सांगितलेच नाही. तिसऱ्या वर्षाला एका मित्राने लॅमिंग्टन रोडवरून सीडी रायटर आणला आणि आमचे होस्टेलच कोपर रोडचे दुकान झाले.

इथे थोडे तांत्रिक सांगते, आपल्या विज्ञानाच्या बाईंना आवडेल. कॅसेटवरून कॅसेट भरली की प्रत्येक वेळी खरखर वाढते आणि वरचे स्वर बोथट होतात. नकलेची नक्कल मूळ मालापेक्षा उघडच गरीब दिसते, त्यामुळे ओरिजिनलचा मान आपोआप टिकत असे. सोनी आणि फिलिप्सने १९८२ मध्ये सीडी आणली आणि हा फरक संपवला. सीडीवर आवाज नसतोच, आकडे असतात, सेकंदाला ४४,१०० नमुने. आकड्यांची नक्कल केली तर तेच आकडे मिळतात. पुढे जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या एमपी-थ्रीने कानाला सहसा न जाणवणारा भाग काढून टाकून फाइल साधारण एक अकरांशावर आणली. ७०० एमबीच्या सीडीवर बारा तासांहून जास्त गाणी, म्हणजे दीडशेच्या आसपास. डोंबिवली स्टेशनबाहेर "मराठी भावगीते १५०" अशी एक सीडी तीस रुपयांना मिळे. तीस रुपयांत बाबांच्या बारा-तेरा महिन्यांच्या पगाराचे शनिवार.

त्यांना मी ती आणून दिली. त्यांनी उलटून पाहिली. खालची बाजू निळसर होती. "यात तबल्यावर कोण आहे ते कुठे लिहिलंय?" एवढेच म्हणाले.

२००४ मध्ये कंपनीने न्यू जर्सीला पाठवले. तिथे एडिसनच्या भाड्याच्या घरात आम्ही पाच मराठी पोरी आणि प्रत्येकीच्या लॅपटॉपमध्ये 'पुलं' नावाचे एक फोल्डर. ते कोणी कोणाला दिले, कुठून आले, काही पत्ता नाही. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसने काढलेल्या कथाकथनाच्या कॅसेटींवरून कोणीतरी केव्हातरी उतरवलेले. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, काही फाइली अर्ध्यावर तुटणाऱ्या. पण बर्फात अडकलेल्या शनिवारी तेच आमचे माहेर होते. एक पैसा न देता. पु.ल. १२ जून २००० रोजी गेले होते. सुनीताबाई परवानगी आणि मानधनाच्या बाबतीत किती काटेकोर, याच्या गोष्टी आम्ही त्याच घरात हसत सांगत असू, ते फोल्डर चालू असताना. बऱ्याच वर्षांनी मुलीला घेऊन पुण्याच्या आयुकात गेले. तिथे मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, तिच्या इमारतीचे नाव 'पुलस्त्य'. सुनीताबाईंनी दिलेल्या देणगीतून ती उभी राहिली. माझी मुलगी तिथे दोन तास आरसे आणि लोलक घेऊन खेळली. मी बाहेर पायरीवर बसून होते. मला त्या फोल्डरची आठवण होत होती.

त्या आठवड्यात मी पु.लं.च्या मिळतील तेवढ्या सीडी विकत घेतल्या आणि तिथून जमवण्याचा नाद लागला. आज माझ्याकडे साडेचारशेच्या आसपास ओरिजिनल सीडी आहेत आणि बाबांच्या ११२ कॅसेट. ओरिजिनल ओळखायचे कसे हे सगळे विचारतात. खालची बाजू चांदीसारखी हवी. कारखान्यात दाबलेल्या सीडीत खड्डे असतात, घरी भरलेलीत रंगाचा थर, तो निळा किंवा हिरवा झाक मारतो. मधल्या भोकाभोवतीच्या काचेसारख्या पट्टीवर 'आयएफपीआय' अशी अगदी बारीक अक्षरे आणि पुढे कारखान्याचा संकेतांक बघावा. ती पद्धत १९९४ मध्ये सुरू झाली, त्यामुळे त्याआधीच्या सीडीवर नसेल तर घाबरू नये. माझ्या होस्टेलच्या सीडींतला रंगाचा थर केव्हाच उतरला, त्यांतल्या बहुतेक आता वाजत नाहीत. चांदीच्या सगळ्या वाजतात.

पण ओरिजिनल घेणाऱ्याला कंपन्यांनी नेहमी नीट वागवले असे समजू नका. २००५ मध्ये सोनी बीएमजीने आपल्या सीडींत नक्कल रोखणारी एक प्रणाली घातली. ती सीडी संगणकात घातली की न विचारता विंडोजच्या पोटात लपून बसे आणि मागचे दार उघडे ठेवी. मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाने ते ऑक्टोबरअखेर उघडकीस आणले आणि कंपनीला सीडी परत घ्याव्या लागल्या. त्या महिन्यात आमच्या कार्यालयात हाच विषय होता. फुकट उतरवून घेणाऱ्याचा संगणक सुरक्षित आणि पैसे मोजणाऱ्याचा बिघडलेला. उलट दिल्लीच्या मोझर बेअर कंपनीने शहाणपणा दाखवला. कोऱ्या सीडी बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्यांत तिची गणना होई. म्हणजे फुटपाथवरच्या मालातही तिच्या तबकड्या असणारच. तिनेच नंतर ओरिजिनल सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली. पायरसीवर मला पटलेला हा सर्वात सोपा उपाय. पुढे ती कंपनीच बुडाली, पण ते सीडीचे युगच संपत आल्यामुळे.

सरकारचा उपाय वेगळा होता. आपल्या राज्यात १९८१ चा एक कायदा आहे, झोपडपट्टी गुंड, हातभट्टीवाले, अमली पदार्थांचे गुन्हेगार आणि धोकादायक व्यक्ती यांना स्थानबद्ध करण्याचा. २००९ मध्ये त्या यादीत व्हिडिओ पायरेट्सही बसवले गेले. मला त्यातली गंमत वेगळीच वाटली. इंग्रजीत चोरून केलेल्या ध्वनिमुद्रणाला 'बूटलेग' म्हणतात. हा शब्द मुळात दारूचा, बुटाच्या नळीत बाटली लपवून नेणाऱ्यांचा. आपल्या कायद्याच्या मराठी नावात त्याच शब्दाला हातभट्टीवाले म्हटले आहे. म्हणजे ज्यांनी ज्यांनी मैफलीत पदराखाली टेपरेकॉर्डर लपवला ते सगळे भाषेच्या न्यायाने हातभट्टीवाले.

आणि तसे आपल्याकडे पुष्कळ होते. शास्त्रीय संगीताच्या रसिकांत खासगी मैफलींच्या स्पुलांची आणि कॅसेटींची देवघेव वर्षानुवर्षे चालत आली. बाजारातल्या तबकडीवर तीन मिनिटांचा राग, आणि कोणाच्या तरी दिवाणखान्यात चोरून टिपलेला तोच राग पाऊण तासाचा. केसरबाई केरकर आपल्या गायकीची नक्कल होऊ नये म्हणून ध्वनिमुद्रणाबाबत फार सावध असत. आणि त्यांच्याच भैरवीची तबकडी १९७७ साली व्हॉयेजर यानांवर बसवून अंतराळात पाठवली गेली. त्यांच्या इच्छेला मान दिला असता तर आज आपल्यापर्यंत काय पोहोचले असते, आणि न मागता टिपलेले ऐकताना आपण कोण असतो, हे दोन्ही प्रश्न मला सारखेच खरे वाटतात. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था जुन्या तबकड्या शोधून, त्यांची नोंद करून 'द रेकॉर्ड न्यूज' नावाचे नियतकालिक काढत आली. तिच्या अंकांतून मी एक गोष्ट शिकले: वस्तू मिळाली की आधी तिची हकिकत लिहून ठेवावी. कोणाकडून आली, कोणत्या हातांतून गेली.

तर आता आपल्या कॅसेटची हकिकत.

फेब्रुवारी १९९५, निरोप समारंभ, वरच्या मजल्यावरचा हॉल. आपल्या संगीताच्या बाई पाच वर्षे पेटीवर आपल्याकडून गाणी बसवून घेत होत्या, पण स्वतः कधी पूर्ण गायल्या नाहीत. त्या दिवशी सगळ्यांनी हट्ट धरला. 'ब' तुकडीतल्या एकाने घरून टू-इन-वन आणला होता. बाई गायल्या, जवळजवळ बावीस मिनिटे. त्या कॅसेटवरून कोपर रोडच्या दुकानात प्रती निघाल्या, एका प्रतीवरून दुसरी. माझी वेळ आली तेव्हा रविवार होता, कोरी कॅसेट घरात नव्हती आणि डबल डेक दुसऱ्या दिवशी परत द्यायचा होता. मी बाबांच्या कपाटातून एक कॅसेट काढली, 'कट्यार काळजात घुसली'ची. तोडलेल्या कानांच्या जागी सेलोटेप लावला आणि दुसऱ्या बाजूवर बाईंचे गाणे भरून घेतले. बाबांना आठवड्याने कळले. ते ओरडले नाहीत. पुढच्या पगाराच्या शनिवारी त्यांनी कॅसेट आणली नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

मूळ कॅसेट ज्याच्याकडे होती त्याच्या घरात २६ जुलै २००५ ला पाणी शिरले, तेव्हा ती गेली. बाकीच्या प्रती कोणाकडे सापडल्या नाहीत. समितीने सगळ्यांना विचारून झाले आहे. बाई २०१६ मध्ये गेल्या. त्याच वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी काळा घोड्याचे ऱ्हिदम हाऊसही बंद झाले. बाबांना घेऊन तिथे शेवटची खरेदी करायला गेले होते, तेव्हा 'कट्यार'ची सीडी त्यांना घेऊन दिली. एकवीस वर्षे उशिरा. त्यांनी आतला कागद काढून चष्मा वर करून वाचला आणि म्हणाले, "आपल्या कागदावर अक्षर मोठं होतं."

दोन महिन्यांपूर्वी मी ती कॅसेट संगणकात उतरवली. तिसऱ्या पिढीची नक्कल, खरखर भरपूर, आणि फीत किंचित हळू फिरल्याने बाईंचा आवाज अर्ध्या सुराने खाली. ते सगळे सुधारता येते, माझ्या कामाचाच भाग आहे. पण हेडफोन लावल्यावर पहिल्यांदाच सुरुवातीचे काही सेकंद नीट ऐकू आले. पेटीचा भाता, बाकांचा आवाज, आणि बाई म्हणतात, "ते यंत्र बंद करा आधी." एक मुलगा म्हणतो, "हो बाई, केलं." आणि फीत फिरतच राहते.

कायद्याचे म्हणाल तर आपण थोडक्यात सुटलो. गाणाऱ्याला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क देणारी दुरुस्ती १९९४ साली मंजूर झाली, पण ती लागू झाली १० मे १९९५ रोजी, आपल्या समारंभानंतर तीन महिन्यांनी. पण बाई आपल्याला स्पष्ट नाही म्हणाल्या होत्या आणि आपण त्यांना खोटे सांगितले होते. मीही तेव्हा तिथेच, दुसऱ्या रांगेत होते. शंभर पेन ड्राइव्ह काढायचे माझ्या हातून होईना ते यामुळे.

मी बाईंच्या लेकीचा पत्ता शोधून काढला. त्या ठाण्याला असतात. सगळे खरे सांगितले आणि गाणे ऐकवले. "बंद करा आधी" इथे त्या हसल्या, कारण आई घरीही असेच म्हणायची, आणि घरात तिच्या गाण्याचे एकही मुद्रण नव्हते. बावीस मिनिटे संपेपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला एक प्रत द्या. तुमच्या कार्यक्रमात एकदा ऐकवा. पण वाटू नका." मी तसे कबूल केले आहे. त्यामुळे स्मरणिकेबरोबर पेन ड्राइव्ह मिळणार नाही, ही समितीची नव्हे, माझी जबाबदारी. स्नेहसंमेलनाच्या दिवशी चहानंतर हॉलमध्ये गाणे लागेल. फोन खिशात ठेवावेत. 'ब' तुकडीतल्या त्या मुलाने, तू येतो आहेस हे मला ठाऊक आहे, बाईंच्या लेकीशेजारी बसायचे आहे.

ज्यांना कॅसेट हातात घेऊन बघायची असेल त्यांच्यासाठी ती टेबलावर ठेवीन. एका बाजूला कंपनीचे छापील लेबल शाबूत आहे. दुसऱ्या बाजूचे खरवडून त्यावर पांढरा कागद चिकटवलेला आहे. तो मी चिकटवलेला नाही. बाबा २०१९ मध्ये गेल्यावर कपाट आवरताना माझ्या लक्षात आले. त्यांच्या त्या ठसठशीत अक्षरात लिहिले आहे: "ब बाजू. शाळा. गायन – बाई. पेटी – बाई. तबला नाही."

गाणे संपल्यावर टाळ्या आहेत, मग खट्ट असा आवाज येतो, आणि फितीच्या उरलेल्या भागात वसंतराव देशपांडे एका तानेच्या मधूनच सुरू होतात.